फोल्डिंग ट्रेडमिलची फाईल

माझे दिल्लीतले घरमालक नारळसुद्धा तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही. तिसऱ्या दुकानापर्यंत जाऊन पहिल्या दुकानात परत येईतो चांगला नारळ कुणीतरी नेलेला असे. मग काका उरलेल्यांतला एक कानाशी हलवत, विजयी चेहऱ्यानं, तीन मजले चढून घरी येत. तो बहुतेक वेळा आतून कुजका निघे. "प्रक्रिया बरोबर होती," असं म्हणून ते कुजकं खोबरं काकूंच्या हातात देत.

मी त्यांच्याकडे दोन वर्षं पेइंग गेस्ट होते. मयूर विहारमधली जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी हिंगोली जिल्ह्यातल्या लहान गावातून आलेली, आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच. वडील दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर कामाला. दिल्लीत आल्यावर मी सगळ्यांचं सगळं ऐकत असे, कारण मोठ्या माणसांचं काही ऐकायचं नसतंही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांना असं कुणीतरी हवंच होतं.

काका एका मंत्रालयाच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात राहून केली आणि निवृत्तीनंतर या फ्लॅटमध्ये आले, पण ऑफिस बरोबर घेऊन आले. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घातलेला होता. माझ्या खाटेवरही होता आणि आंघोळीच्या बादलीवरही. पाहुणे आले की ते म्हणत, "या, या, चार नंबरवर बसा." पाहुण्यांना ती थट्टा वाटे. दर दोन महिन्यांनी काका खुर्च्या मोजायला निघाले की ती थट्टा नाही हे मला कळे.

त्यांचं एक वाक्य होतं: "घेणं वेगळं आणि खरेदी वेगळी. घेतो तो गिऱ्हाईक. खरेदी करतो तो जबाबदार माणूस."

मी राहायला आले त्याच्या महिनाभर आधी काकूंच्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टरांनी साधी गोष्ट सांगितली होती. रोज तीस मिनिटं, सपाट जागेवर, न थांबता चालायचं. हिवाळ्यात हवा खराब असली की बाहेर नाही. आणि जिने कमी. आता दिल्लीत ऑक्टोबर संपला की हवा सुधारायची वाट फेब्रुवारीपर्यंत बघावी लागते, आणि तीन मजले उतरल्याशिवाय बाग येत नाही. म्हणजे घरातच चालायचं. दिवाणखान्यात सोफा, दिवाण, सहा क्रमांकित खुर्च्या. काकू चालायला लागल्या की सातव्या पावलाला वळावं लागे.

"ट्रेडमिल घेऊन टाका ना," मी म्हणाले. मला वाटलं होतं मी काहीतरी नवीन सुचवतेय.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "घेऊन टाका? बेटा, भाजी घेऊन टाकतात. हे यंत्र आहे. आधी गरज सिद्ध व्हायला हवी."

"अहो, डॉक्टरांनी लिहून दिलंय," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ती शिफारस झाली. मागणी कुठाय?"

मी हे बनवून सांगत नाही. काकूंनी खरोखर एका कागदावर मागणी लिहिली. "मला चालायचे आहे. घडी होणारे यंत्र मिळावे." काकांनी तो कागद दुसऱ्या दिवशी परत केला. शेरा होता: गरजेचे समर्थन जोडावे. काकूंनी डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली. काकांनी ती स्वतःच साक्षांकित केली, सहीखाली 'सेवानिवृत्त' असं लिहिलं, आणि लाल दोरीची एक जाड फाईल उघडली.

काकू हसल्या. मीही हसले. आम्हाला वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी खेळ लागतो, आठ दिवसांत संपेल.

तो खेळ एक वर्ष चार महिने चालला.

समिती तीन जणांची. अध्यक्ष काका. काकू 'वापरकर्ता विभाग'. आणि मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं म्हणून 'तांत्रिक सदस्य'. बैठक रविवारी पोह्यांनंतर, डायनिंग टेबलावर. बैठक सुरू झाली की काका मला अहो-जाहो करत. "तांत्रिक सदस्यांचं काय मत आहे? आपण बोला, संकोच करू नका." आणि बैठक संपल्याच्या पुढच्याच क्षणी, "ए, जा गं, चहा टाक."

माझं मत खरोखर होतं. वडील कामाला होते त्या गिरणीत मी लहानपणापासून बसलेली. मोटर, पुली आणि पट्टा, गिरणी म्हणजे एवढंच. मोटर किती मोठी आहे हे सगळे विचारतात. वडील म्हणत, मोटर नंतर, आधी पट्ट्यावर हात ठेव. पट्टा चांगला असला की लहान मोटरही दळते, आणि पट्टा बाजूला सरकत असला की मोठी मोटरही जळते. ट्रेडमिलही तीच वस्तू आहे, फक्त ज्वारीच्या जागी माणूस. पण दिल्लीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यासमोर, काचेच्या टेबलाशी बसून, पिठाच्या गिरणीचं नाव काढायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "मोटरचा हॉर्सपॉवर बघावा लागेल." काकांनी समाधानानं ते लिहून घेतलं. मी सही केली. फक्त एकदा, ओट्यापाशी कणीक मळताना, मी काकूंना गिरणीचं सांगितलं होतं.

काकांची अटींची यादी वाढत वाढत एकेचाळीसवर गेली. त्यांतल्या निम्म्या घडीबद्दल होत्या. घडी घातलेलं यंत्र उभं राहिलं पाहिजे, पण पडदा लागता कामा नये. दिवाणाखाली गेलं पाहिजे, पण दिवाण उचलावा लागू नये. ओढताना फरशीवर चाकांचा डाग पडू नये. एका माणसाला घडी घालता आली पाहिजे, आणि तो माणूस काकू धरून चालायचं नाही, कारण 'वापरकर्त्यानं वजन उचलू नये' ही तेविसावी अट होती. काकू चालणार, घडी काका घालणार, आणि काका सकाळी दोन तास पेपर वाचणार, त्या वेळी त्यांना उठवायचं नाही. ही अट लिहिलेली नव्हती, पण घरात सगळ्यांना पाठ होती.

एका रविवारी त्यांनी जुने पेपर चिकटवून ट्रेडमिलच्या मापाचा एक लांब पट्टा कापला आणि तो फरशीवर ठेवून सगळं घर फिरले. फ्रिजजवळ ठेवला, मग माझ्या खाटेच्या पायथ्याशी, मग बाल्कनीच्या दारात. जिथं कागद बसे तिथं ते दोन पावलं मागं जाऊन बघत आणि म्हणत, "दिसतंय." यंत्र दिसता कामा नये असा त्यांचा हट्ट होता. घरी ट्रेडमिल दिसली की लोक विचारणार, आजारी कोण? काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो कागद तिथंच राहू द्या. मी त्याच्यावरच चालते."

"तुम्ही बायका प्रत्येक गोष्टीचा विनोद करता," काका म्हणाले आणि कागदाची घडी घालून फाईलला लावली.

लक्ष्मीनगरच्या एका शोरूममधला दिवस मला अजून खुपतो. आम्ही तिघं गेलो होतो. काकूंना बाहेर पडायला मिळालं म्हणून त्यांनी चांगली साडी नेसली होती. विक्रेता उत्साही होता. काकांनी बुटांसकट एका यंत्रावर चढून पाहिलं, मग दुसऱ्यावर, मग पाच यंत्रांवर. प्रत्येकावर अर्धा मिनिट चालायचे, उतरून टेपनं उंची मोजायचे, मला आकडा सांगायचे. काकू एका स्टुलावर बसून होत्या.

"अंकलजी, चलना किसको है?" विक्रेत्यानं विचारलं.

"मिसेस को."

"तो आंटीजी को चढ़ाइए ना!"

काकू उठल्यासुद्धा होत्या. चप्पल काढली होती. काकांनी हात आडवा केला. "नहीं नहीं. पहले टेक्निकल. ट्रायल बाद में होता है."

काकू पुन्हा स्टुलावर बसल्या. चप्पल त्यांनी घातली नाही. त्यांची अनवाणी पावलं शोरूमच्या गालिच्यावर तशीच टेकलेली होती, बोटं थोडी हलत होती. मी हातात वही धरून उभी होते, आणि मी एकही शब्द बोलले नाही. काकांनी दरपत्रक मागितलं, विक्रेत्यानं ते तोंडी सांगितलं. काका म्हणाले, "लेटरहेड पे." विक्रेत्यानं आमच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

मग पुढं ढकलणं सुरू झालं. दिवाळीच्या आधी म्हणे भाव दिवाळीत पडतील. दिवाळीत भाव पडले तर काका म्हणाले, जुना माल काढतायत, नवं मॉडेल येऊ दे. नवं मॉडेल आलं, त्याची घडी वेगळ्या बाजूनं व्हायची, म्हणजे एकेचाळीस अटी पुन्हा तपासणं आलं. दर वेळी एक टिपण. 'सर्व बाबी विचारात घेता खरेदी तूर्त पुढे ढकलण्यात यावी.' खाली तीन सह्या. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत येत, न वाचता सही करत आणि परत जात. मी वाचून करत असे. याचं आता मला काही चांगलं वाटत नाही.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, साधी वस्तू आहे, इतकं का?" तेव्हा त्यांनी सांगितलं की नोकरीत त्यांच्या सहीनं कूलर खरेदी झाले होते आणि त्यांतले काही पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडले. चौकशी लागली. त्यांचा काही दोष निघाला नाही, पण तो निघाला नाही हे ठरेपर्यंत प्रमोशन गेलं. सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला वाईट वाटलं, आणि दोन दिवस टिकलं. मग मला वाटायला लागलं की कूलरच्या भीतीचं व्याज काकूंच्या पायांनी का द्यावं?

त्या दुसऱ्या हिवाळ्यात काकू जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. सकाळी त्या फोनवर हवेचा आकडा बघायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या. सातव्या पावलाला वळणं त्यांनी सोडून दिलं होतं, चक्कर येते म्हणायच्या. जानेवारीत एक दिवस हळदीकुंकवाहून परत येताना दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून बसल्या. मी बरोबर होते. त्यांच्या ओटीतली बोरं जिन्यावरून खाली गेली, एकेका पायरीवर उडत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट चाळले आणि काकूंनाच विचारलं, "रोज़ कितना चलती हैं?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "डॉक्टर साहब, मामला प्रोसेस में है."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"ट्रेडमिल का," काका म्हणाले. "फाइनल स्टेज है."

"कब से?"

"जी, नियम से चल रहा है."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटले. मग म्हणाले, "नियम चल रहा है, पेशेंट नहीं चल रहीं. वज़न बढ़ गया, शुगर बढ़ गई. तीन महीने देता हूँ. ऐसे ही आईं, तो फिर से एंजियोग्राफी करनी पड़ेगी." टॅक्सीत काका म्हणाले की डॉक्टरांची भाषा बरोबर नव्हती. घरी आल्यावर त्यांनी हॉस्पिटलचा कागदही साक्षांकित करून फाईलला लावला.

 पाचव्या दिवशी काका सोसायटीच्या मीटिंगला गेले होते तेव्हा काकू माझ्या खोलीत आल्या आणि दोन नंबरच्या खुर्चीवर बसल्या.

"तुला पट्ट्यातलं कळतं ना गं? तुझ्या बाबांची गिरणी..."

"बाबांची नाही. बाबा कामाला आहेत."

"तेच ते. कळतं ना?"

"थोडं कळतं, काकू."

त्यांनी फोन पुढं केला. दिल्लीतल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोरीनं फोटो टाकला होता. ती आणि तिचा नवरा पुण्याचे, नोएडात आयटीत, आता परत चाललेले. घरातलं सामान काढत होते. फोटोत एक फोल्डिंग ट्रेडमिल होती, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"उद्या तुझं कॉलेज कधी सुटतं?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोनं गेलो. काकांना सांगितलं, मराठी मंडळाचा कार्यक्रम आहे. स्टेशनवर लिफ्ट, त्या मुलीच्या सोसायटीतही लिफ्ट, काकू म्हणाल्या, "बघ, दुसऱ्याच्या घरी जायला किती सोपं आहे." त्या पोरीनं दार उघडलं. घरात खोकीच खोकी. "काकू, खरं सांगू का? आम्ही यावर फार चाललो नाही. कपडे खूप वाळवले."

"मग यंत्र स्वच्छ असेल," काकू म्हणाल्या.

मी गुडघ्यावर बसले. आधी थोडी घाबरले, पण पट्ट्यावर तळहात ठेवला आणि घाबरणं गेलं. कडा उसवलेली नव्हती. दोन बोटं खाली जात होती, तेवढा ताण बरोबर. रिकामं यंत्र चालू केलं तर पट्टा हळूहळू डावीकडं सरकत होता. ती पोरगी म्हणाली, "हे आधीपासूनच असं आहे, आम्हाला वाटलं असंच असतं." मी तिच्याकडे यंत्राबरोबर येतो तो लहान वाकडा पाना मागितला, मागच्या रोलरचा डावीकडचा बोल्ट पाव वळसा आवळला, थांबले, पुन्हा थोडा आवळला. पट्टा मधोमध आला आणि तिथंच राहिला. मोटरवर हात ठेवला. कोमट होती, गरम नव्हती.

"काय म्हणतात तांत्रिक सदस्य?" काकू म्हणाल्या.

"चांगली आहे, काकू. तुम्ही चढा."

काकूंनी चप्पल काढली, पदर खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि चढल्या. मी सगळ्यात कमी वेग लावला. पहिली चार पावलं त्या पट्ट्याच्या मागं राहिल्या, मग पुढं आल्या, मग जमलं. सातवं पाऊल झालं. आठवं झालं. नववं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या एकदम हसायला लागल्या.

"अगं, वळायचं नाहीये!"

पाच मिनिटांनी त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "हीच." एक वर्ष चार महिन्यांचं काम पाच मिनिटांत झालं.

दोन दिवसांनी टेम्पो आला. दोन माणसांनी यंत्र तीन मजले वर आणलं. काका दारात उभे राहिले, पेपर काखेत. "कोणाच्या मंजुरीनं?"

"माझ्या," काकू म्हणाल्या. "बाजूला व्हा, त्यांना जड होतंय."

काकांनी टेप आणली. यंत्र दिवाणाखाली जात नव्हतं, फ्रिजजवळ बसत नव्हतं, उभं केलं की पडद्याला लागत होतं. एकेचाळीसपैकी एकतीस अटी त्यांनी लाल शाईनं खोडल्या. काकूंनी सहापैकी चार खुर्च्या बाल्कनीत काढल्या आणि ट्रेडमिल दिवाणखान्याच्या मधोमध उघडली. ती पुन्हा कधी मिटली नाही. जिच्या घडीवर आम्ही सोळा महिने घालवले, तिची घडी मी राहत होते तोवर एकदाही घातली गेली नाही.

पुढच्या रविवारी पोह्यांनंतर काका फाईल घेऊन आले. टिपण तयार होतं: 'कार्योत्तर मंजुरी'. म्हणजे जे होऊन गेलंय त्याला मागाहून परवानगी. काकू ट्रेडमिलवर होत्या. काका त्यांच्या शेजारी फाईल उघडी धरून, पेन पुढं करून उभे राहिले.

"इथं सही कर."

"चालतेय मी."

"एक मिनिट थांब."

"डॉक्टरांनी न थांबता सांगितलंय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी वेगाचं बटण एकदा दाबलं. काका दोन मिनिटं तसेच पेन धरून उभे होते. मग ते माझ्याकडे वळले. "आपण करा."

मी म्हणाले, "काका, माझा उद्या पेपर आहे," आणि खोलीत गेले. याहून धीट काही मला बोलता आलं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मान हलवली. एंजियोग्राफी टळली. त्या दिवसापासून घरी कुणी आलं की काका ट्रेडमिलवर हात ठेवून सांगायला लागले, "सोळा महिने अभ्यास केला, तेव्हा कुठं ही निवडली. लोक घाईत घेतात, फसतात." काकू शेजारी चालत असायच्या. काका बोलत असेपर्यंत त्या उतरत नसत.

एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्यावर मी मुनिरक्यात खोली घेतली. निघायच्या दिवशी काकांनी मला दारात थांबवलं. हातात फाईल होती. "मंजुरीवर तुझी एवढी एक सही राहिलीय. तुझी झाली की हिची मी बघतो. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार, काका?"

त्यांनी पेन पुढं केलं. आतून पट्ट्याचा आवाज येत होता आणि काकूंचा, थोडा धाप लागलेला, पण मोठा: "जाऊ द्या तिला! पोहोचलीस की फोन कर गं!" मी सही न करता खाली उतरले.

त्या कोऱ्या जागेचं मला बरेच दिवस कौतुक वाटायचं. एम.एस्सी.च्या मैत्रिणींना मी हा किस्सा सांगायचे आणि काकांची नक्कल करायचे, सगळ्या लोळून हसायच्या. परवा एकीनं विचारलं, "मग सोळा महिने तू काय करत होतीस?" मी चहा ओतत होते, ओतत राहिले. फाईलमध्ये त्या कागदाच्या आधी पुढं ढकलण्याची सात टिपणं आहेत. सातांवरही माझी सही आहे, पूर्ण नावानं, तारखेसह, आणि सातही सह्या मी वाचून केलेल्या.